सकाळच्या थंडीतच वाकणारा चष्मा

लातूरला माझ्या क्लासमधून शिकून गेलेल्या मुलांना चष्म्याची गोष्ट आठवत असेल. स्थायूंचा धडा आला की प्रत्येक तुकडीला मी ती सांगत असे. भूकंपानंतरचा हिवाळा, औसा तालुक्यातलं एक गाव, सगळी माणसं पत्र्याच्या शेडमध्ये. एका बाईचा चष्मा पायाखाली येऊन चेपला आणि चुलीच्या कडेला ठेवताच आपोआप सरळ झाला. लोक म्हणाले, देवीचा कौल. मग मी तिथे गेलो आणि म्हणालो, "हा कौल नाही, धातूचा गुण आहे." एवढं सांगून मी टेबलावरच्या गरम पाण्याच्या ग्लासात एक वेडीवाकडी तार सोडायचो. तार ताठ व्हायची आणि टाळ्या पडायच्या.

त्या गोष्टीतलं गाव खरं आहे, बाई खरी आहे, चष्माही खरा आहे. वाक्यसुद्धा खरं आहे, फक्त ते मी बोललो नव्हतो. ज्याने ते उच्चारलं त्याला मी त्याच वाक्यासाठी भरल्या गावासमोर भोंदू ठरवलं होतं. सत्तरी केव्हाच ओलांडली. आता हे नीट, घडलं तसं लिहून ठेवतो.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. आमचा चौघांचा एक गट होता. दोन शिक्षक, एक कंपाउंडर आणि बँकेतला एक कारकून. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जायचं आणि बाबा-बुवांच्या चमत्कारांमागची हातचलाखी उघड करायची, हे आमचं काम. माझ्या खाकी पिशवीत सगळं साहित्य असे: जिभेतून आरपार गेल्यासारखा दिसणारा त्रिशूळ, पाणी टाकलं की पेटणारी वात, रिकाम्या मुठीतून निघणारा अंगारा. या कामाचा मला अभिमान होता आणि तो आजही आहे. भूकंपानंतर तर रोज एक नवी अफवा उठायची. अमक्या दिवशी पुन्हा हलणार, तमक्या विहिरीतून आवाज येतो. माणसं आधीच उघड्यावर आलेली, त्यात अंगारेवाल्यांचे तांडे. आम्ही दर रविवारी जीप काढून निघायचो.

या कामात अनुभवाने एक ठोकताळा तयार झाला होता. भोंदू माणूस "मला जमत नाही" असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, आत्ता वेळ बरोबर नाही, अमावास्येला या. असं कुणी म्हणालं की समजायचं, माणूस सापडला. हा ठोकताळा मी नव्या कार्यकर्त्यांना शिकवायचो आणि शेकडो वेळा तो खराही ठरला होता.

ज्याच्याविषयी मी हे लिहितोय तो चष्म्याचा कारागीर होता. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका बोळात त्याचं टेबल. काचा घासणं, तुटलेली काडी जोडणं, हरवलेला स्क्रू बसवणं. आजोबांपासून घरात हेच काम. तेव्हा त्याचं वय पस्तीस-चाळीस असेल, म्हणजे माझ्याहून थोडं कमी. मदतीच्या सामानात कपडे आणि औषधांबरोबर परदेशातून वापरलेल्या चष्म्यांचेही खोके आले होते. ते कुणाच्या डोळ्यांना लावायचे, हे कुणालाच कळत नव्हतं. मदत समितीने त्याला विचारलं आणि त्याने आपलं टेबल बंद ठेवून ते काम अंगावर घेतलं. शेडमध्ये अक्षरांचा तक्ता टांगायचा, माणसाचा नंबर काढायचा, खोक्यातून त्याच्या जवळपासचा चष्मा शोधायचा, काड्या तापवून कानामागे नीट बसवून द्यायच्या. काडी जास्त घट्ट झाली तर कान दुखतो आणि माणूस चष्मा लावायचंच सोडून देतो, म्हणून तो एकेकासाठी अर्धा तास घालवायचा.

असाच एक सोनेरी चष्मा एका बाईला मिळाला. तिला गावात सगळे मावशी म्हणत. घर पडलेलं, नवरा गेलेला, आणि मदतीत मिळालेल्या शिलाई मशीनवर ती ब्लाउज शिवायची. चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नव्हता. एकदा पहाटे कडाक्याच्या थंडीत ती शेडबाहेर आली आणि रात्रभर बाहेरच्या मशीनच्या फळीवर राहिलेला चष्मा खाली पडून तिच्या पायाखाली आला. काड्या अशा पिरगळल्या की चष्मा ओळखू येईना. रडत रडत तिने तो चुलीच्या कडेला ठेवला आणि चहाचं पाणी चढवलं. पाणी उकळायच्या आत काड्या हळूहळू उलगडून सरळ झाल्या. दुपारपर्यंत शेडमध्ये बातमी फिरली. कुणी चष्म्याला कुंकू लावलं.

कारागिराला बोलावलं तेव्हा तो हसला. दुसऱ्या दिवशी थंडीत येऊन त्याने स्वतः काडी वाकवली, चहाच्या कपात बुडवली आणि सरळ झालेली पाहिली. असं त्याने तीन-चार सकाळी केलं. आणि तो लोकांना सांगू लागला, यात देवीचा काही संबंध नाही, हा धातूचा गुण आहे. म्हणजे जे काम करायला आम्ही लातूरहून जीपने निघायचो ते तिथे आधीच होत होतं. हे मला कारागीर आणि मावशींकडून फार उशिरा कळलं. तेव्हा माझ्या कानावर आलं ते एवढंच, की अमुक गावात एक चष्मेवाला जिवंत चष्मा दाखवतो.

आम्ही निरोप धाडला, रविवारी सकाळी आठला कार्यक्रम. फेब्रुवारी लागला होता. वाटेत जीप दोनदा पंक्चर झाली आणि आम्ही पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पत्र्यांवरून ऊन परतत होतं. लोक सकाळपासून बसून कंटाळले होते. कारागीर चहाची किटली आणि एक पत्र्याची पेटी घेऊन बसला होता. तीच किटली त्याने चारदा गरम केली होती, असं नंतर मावशींनी सांगितलं.

मी माईक हातात घेतला.

"काय चष्मेवाले, चष्मा जिवंत आहे म्हणे तुमचा?"

"जिवंत कशाचा साहेब! धातूचा गुण हाय. मी तेच सांगून राहिलो लोकाला."

"असं? कोणता धातू?"

"ते मला काय म्हाईत. म्हनून तर तुमची वाट पाहून राहिलो. तुमी शिकलेले." मग थोडं पुढे सरकून म्हणाला, "ही इस्त्री नसती का, गरम झाली का आपोआप बंद व्हती? तसलं काई आसंल का?"

प्रश्न चांगला होता. आज कुणा विद्यार्थ्याने विचारला तर मी त्याची पाठ थोपटीन. त्या दिवशी मी माईकवरून सगळ्यांना समजावलं, की इस्त्रीत दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते, एक जास्त फुगतो, एक कमी, म्हणून पट्टी वाकते. इथे काडी एकाच धातूची आहे. "असा धातू नसतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो." टाळ्या पडल्या.

"दाखवा आता."

त्याने काडी वाकवली. सोडली. ती टणकन सरळ झाली. पुन्हा वाकवली, पुन्हा टणकन. तिसऱ्यांदा जोर लावून पिरगळली, तरी तेच. काडी वाकडी राहीचना, मग चहात घालून सरळ काय करणार? त्याच्या कपाळावर घाम आला.

"आता न्हाई व्हयाचं साहेब. ऊन झालं. सकाळच्या थंडीतच वाकतो ह्यो."

मी गर्दीकडे वळलो. "ऐकलंत? वेळ बरोबर नाही!"

सगळे हसले. मावशी उठून उभ्या राहिल्या. "म्या माझ्या डोळ्यानं पाहिलं की सायेब, वाकडा व्हता त्यो सरळ झाला."

"डोळ्यांनी पाहिलंत मावशी, पण चष्मा तर चुलीवर होता ना?"

यावर जो हशा उसळला तो मला पुढे कित्येक वर्षं गोड वाटत राहिला. माझ्या हजरजबाबीपणाचं उदाहरण म्हणून मी तो किस्सा मित्रांना सांगितलेला आहे.

मग मी पेटी उघडायला लावली. आत फडक्यात गुंडाळलेला दुसरा चष्मा निघाला. तसाच सोनेरी, तशाच बारीक काड्या. मी काडी वाकवली. ती वाकडीच राहिली. मला याहून जास्त काय हवं होतं? दोन्ही चष्मे उंच धरून मी सांगितलं, "हा मऊ, तो ताठ. आधी मऊ वाकवून दाखवायचा, चहाच्या निमित्ताने पाठ फिरवायची आणि ताठ पुढे करायचा. झाला चमत्कार!"

"साहेब, त्यो साधा हाय," तो म्हणत होता. "मुद्दाम आनला. दोन्ही चहात घालून दाखवायचे व्हते. ह्यो वाकडाच राहतो आन त्यो..." पण माईक माझ्या हातात होता. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, परदेशी फ्रेमी बदलून इकत आसंल!" हा आरोप मी केला नव्हता. मी तो खोडलाही नाही.

पुरावा म्हणून दोन्ही चष्मे मी खाकी पिशवीत टाकले. जीपकडे निघालो तेव्हा मावशी मागे आल्या. "सायेब, माजा चष्मा?"

"दुसरा मिळेल मावशी," मी म्हणालो. मिळाला का, हे मी कधी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात समितीने कारागिराचं काम बंद केलं. चष्मे बदलून विकतो ही गोष्ट गंजगोलाईपर्यंत आली आणि वर्षभरात त्याचं टेबल उठलं. तो बायकोच्या माहेरी नांदेडला गेला, असं कुणीतरी बोलता बोलता म्हणालं. मी "बरं" म्हणालो. पिशवीतले ते दोन चष्मे मात्र मी पुढची दोन-तीन वर्षं गावोगाव दाखवत होतो. पकडलेल्या भोंदूचं साहित्य म्हणून.

मग लातूर बदललं. बाहेरगावची मुलं येऊ लागली, घराघरावर पत्र्याच्या खोल्या चढल्या, मेस निघाल्या, चौकाचौकात मास्तरांचे फोटो लागले. मी कॉलेज सोडून क्लास काढला. गटाचं काम सुटलं, पिशवी माळ्यावर गेली. आमच्या इमारतीत खाली एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि तिथून दातांना तार लावून घेतलेली बरीच मुलं वर माझ्यापुढे बसत.

त्यातल्या एका मुलीने एकदा विचारलं, "सर, बर्फाचा गोळा खाल्ला की माझी तार सैल पडते, आणि चहा प्यायला की दात ओढले जातात. असं का?"

"उष्णतेने धातू प्रसरण पावतो," मी म्हणालो.

"पण सर, मग चहाने तार लांब होऊन सैल नको का पडायला? हे तर उलटं होतंय."

ती बरोबर होती. मला उत्तर येत नव्हतं आणि न येणारं उत्तर मला कधी स्वस्थ बसू देत नाही. क्लास सुटल्यावर मी खाली गेलो. डॉक्टरांनी बर्फाच्या पाण्यातून एक तार काढली, दोऱ्यासारखी बोटाभोवती गुंडाळली आणि कोमट पाण्याच्या वाटीत टाकली. तार उलगडली आणि दातांच्या कमानीचा आकार घेऊन पाण्यात स्थिर झाली.

"निकेल आणि टायटॅनियम," ते म्हणाले. "हा आकार तिला कारखान्यात भट्टीत दिलेला असतो. चष्म्याच्या फ्रेमीतही वापरतात. सर, तुम्हाला माहीत नाही?"

त्या दिवशी उरलेले तास मी घेतले नाहीत.

घरी येऊन माळ्यावरची पिशवी काढली. त्रिशूळ गंजला होता. चष्मे तसेच होते. मावशींचा चष्मा मी फ्रिजमध्ये बर्फाशेजारी ठेवला आणि दहा मिनिटांनी काढून काडी वाकवली. शिशाच्या तारेसारखी ती वाकली आणि वाकडीच राहिली. मग चहाच्या भांड्यात सोडली. ती हलली. एखादं मांजर झोपेतून उठून अंग ताणतं तशी आधी टोकाला, मग मधे, आणि सरळ झाली.

बायको दारात उभी राहून बघत होती. "हे काय आहे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "प्रयोग आहे."

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी अपराधापेक्षा कुतूहल मोठं होतं, आणि याचीही मला आज लाज वाटते. मी क्लासमधला तापमापी आणला. थंड पाण्यात थोडं थोडं गरम पाणी मिसळत गेलो, प्रत्येक वेळी काडी वाकवली आणि वहीत मांडत गेलो. साधारण अठरा-एकोणीस अंशांच्या खाली काडी मुकाट वाकायची. पंचविसाच्या पुढे टणकन परत सरळ व्हायची. मधल्या टप्प्यात अर्धवट, कुरकुरत. लातूरची फेब्रुवारीतली सकाळ आणि तिथलीच दुपार, या दोन्हींच्या बरोबर मधे त्या धातूची सीमारेषा होती. सकाळच्या थंडीतच वाकतो ह्यो. त्याने मला एका ओळीत सांगितलं होतं ते मी तापमापी घेऊन तीन तासांत शोधून काढलं.

शेवटी दुसरा चष्मा घेतला. तोही गार केला, वाकवला, गरम पाण्यात टाकला. तो वाकडाच राहिला. दोन वस्तू घ्याव्यात, एकीत गुण आहे आणि एकीत नाही, दोन्हींना तीच वागणूक द्यावी आणि फरक पाहावा. मी मुलांना वर्षानुवर्षं हेच शिकवत आलो होतो. त्या पेटीतला साधा चष्मा म्हणजे नेमकं तेच होतं. त्या मैदानात प्रयोग करायला आलेला एकच माणूस होता, आणि तो मी नव्हतो.

धातूचं कोडं मला नंतर वाचून उलगडलं आणि मुलांना मी ते बाकांवरून समजावायचो. वर्गात मुलं रांगेने बसली आहेत असं समजा. साधा धातू वाकवला की मुलं उठून दुसऱ्याच बाकावर जाऊन बसतात, मग आपली जागा कोणती हे कुणालाच कळत नाही. या मिश्रधातूत थंडीत मुलं नुसती एकमेकांच्या खांद्यावर रेलतात. ओळ तिरकी दिसते, पण बाक कुणी सोडलेला नसतो, शेजारी तोच असतो. ऊब आली की सगळे ताठ बसतात आणि ओळ आपोआप सरळ होते. धातूला आठवण वगैरे काही नसते. त्याच्या कणांनी जागा सोडलेली नसते, इतकंच.

हे समजावताना चष्म्याची गोष्ट आली. पहिल्या वर्षी मी म्हणालो, "तिथे एक कारागीर होता, त्याने ओळखलं." मुलांनी विचारलं, "मग सर, तुम्ही काय केलं?" मी विषय बदलला. दुसऱ्या वर्षी गोष्टीतून कारागीर गळाला. तिसऱ्या वर्षी त्याचं वाक्य माझ्या तोंडी आलं. असं ठरवून झालं नाही, पण झालं ते मला कळत होतं. मग क्लासच्या फलकावर माझा हातात तार धरलेला फोटो लागला आणि मी "तारवाले सर" झालो.

माझ्या शेवटच्या तुकडीत त्याच गावची एक मुलगी होती. गोष्ट संपली, टाळ्या झाल्या, सगळे गेले तरी ती थांबली.

"सर, आमच्या गावात ही गोष्ट वेगळी सांगतात."

"कशी?"

"भूकंपानंतर एक भोंदू चष्मेवाला आला होता म्हणतात. परदेशी चष्मे चोरायचा. लातूरच्या सरांनी त्याला पकडला. अजून कुणी फसवलं तर आमच्याकडे म्हणतात, चष्मेवाला निघाला की हा." ती थोडी घुटमळली. "मग सर, धातूचा गुण आहे हे तुम्ही सांगितलं, तर पकडला तो कोण?"

मी ग्लासातली तार काढून पुसू लागलो. तिने पुन्हा विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसू लागली. त्या वर्षी मी क्लास बंद केला.

गंजगोलाईतल्या एका जुन्या दुकानदाराने मला पत्ता सांगितला. नांदेड, इतवारा, अमक्या मशिदीच्या पुढे डाव्या हाताला. मी एसटीने निघालो. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा आलं. प्रत्येक स्टँडवर उतरून परतीची गाडी पकडावी असं वाटत होतं. खिशातले दोन चष्मे बरगडीला टोचत होते.

दुकान म्हणजे दोन माणसं जेमतेम मावतील एवढी फट. दाढी पांढरी झाली होती, भिंग डोळ्याला लावून तो एक स्क्रू बसवत होता. मी काही बोलायच्या आत त्याने हात पुढे केला. "द्या. तुमची काडी ढिली झाली, चष्मा नाकावरून घसरून राहिला." मी माझा चष्मा दिला. "किती वेळ लागेल?" एवढंच मी विचारलं.

त्याने मान वर केली. "लातूरचे ना तुमी?"

"ओळखलंत?"

"माईकवरचा आवाज मानूस इसरत न्हाई साहेब."

मी दोन्ही चष्मे काउंटरवर ठेवले. त्याने डोळे मिटून एकेक चाचपला. "ह्यो साधा. ह्यो त्यो." मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. मला वाटलं आता शिव्या येतील. त्याने विचारलं, "मंग? काय हाय त्यो धातू?"

"तुम्हाला कळलं नाही एवढ्या वर्षांत?"

"नाव कळलं. फ्रेमीचा सेल्समन येतो, असं पिरगाळून दाखवतो. का व्हतं ते त्याला बी म्हाईत न्हाई. म्या इचारलं तर म्हनला, चाचा, तुमी इका ना, कशाला डोकं लावता."

मी त्याला बाकांवरची मुलं सांगितली. तो भिंग खाली ठेवून ऐकत होता. मधेच म्हणाला, "म्हंजे मावशीनं उन्हाळ्यात पाय दिला आसता तर चष्मा चेपलाच नसता?"

"नसता."

"आन मंग कुनालाच काई कळलं नसतं." तो हसला. "थंडी पडली म्हनून एवढं रामायन झालं साहेब."

मी म्हणालो, "माझं चुकलं. फार चुकलं."

त्याने दुकानाबाहेर पाहिलं. रस्त्यावर ऑटोंची गर्दी होती, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "तवा माईक व्हता," तो म्हणाला. "आज कानात सांगून राहिले?"

त्याने माझा चष्मा उचलून काडीचा स्क्रू आवळला.

"त्या गावात मी परत पाय ठिवला न्हाई. माझ्या हातचे चष्मे लावून बसलेले लोक तिथं मला चोर म्हनतात. चला तिथं. पर थंडीत. आन सकाळी, मी म्हनलो व्हतो तसं."

जानेवारीत तो आदल्या दिवशी लातूरला माझ्या घरी येऊन राहिला. सकाळी सातला आम्ही गावात होतो. शेड केव्हाच गेली, पक्की घरं आणि रुंद रस्ते झाले आहेत. चौकातल्या हॉटेलवाल्याने बाकडी मांडली आणि भजनी मंडळाचा माईक आणून दिला. आम्ही येतोय हे मी कळवल्यावर माझ्या त्या विद्यार्थिनीने गावभर सांगून ठेवलं होतं. मावशी काठी टेकत आल्या आणि पुढच्या बाकड्यावर बसल्या.

मी जे घडलं ते सगळं सांगितलं. जीप उशिरा आली इथपासून फलकावरच्या फोटोपर्यंत. चष्मे चोरण्याची गोष्ट खोटी आहे हे दोनदा सांगितलं. पोरं फोनवर चित्रण करत होती. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "म्हंजे तवा भोंदू तुमीच निघाले म्हना की!"

"हो," मी माईकवरूनच म्हणालो.

लोक हसले. कारागीर हसला नाही. त्याने हॉटेलवाल्याकडून दोन ग्लास उकळतं पाणी घेतलं आणि मावशींना म्हणाला, "वाकवा दोन्ही. तुमच्या हातानं." त्यांनी गारठलेल्या बोटांनी दोन्ही काड्या पिरगळल्या. मी सवयीने मावशींचा चष्मा उचलायला गेलो तर त्याने माझा हात धरला. "पहिले साधा."

साधा चष्मा पाण्यात गेला. सगळे वाकून पाहत होते. काही झालं नाही. तो त्याने बाकड्यावर वाकडाच ठेवला आणि लोकांना नीट दिसावा म्हणून थोडा वेळ जाऊ दिला. मग दुसरा. काडी उलगडत गेली तसा एक आवाज गर्दीतून उठला. टाळ्या नव्हत्या, नुसता श्वास सोडल्यासारखा. त्या म्हाताऱ्याने ग्लासाजवळ येऊन विचारलं, "आन आजून येकदा करता येतं का?" मग चारदा झालं. पाचव्या वेळी ऊन चौकात उतरलं होतं आणि काडी वाकायला का-कू करू लागली. "बघा," कारागीर म्हणाला, "आता न्हाई व्हयाचं." आणि माझ्याकडे पाहिलं.

चष्मा पुसून त्याने मावशींच्या हातात दिला. त्यांनी लावला, माझ्याकडे पाहिलं, चौकाकडे पाहिलं, मग पदराच्या शिवणीवर नजर नेली.

"काईच दिसंना की रे."

"एवढ्या वर्सांनी नंबर त्योच राहील का मावशी?" तो म्हणाला आणि पिशवीतून पत्र्याची पेटी काढली. तीच होती की तसली दुसरी, मी विचारलं नाही. अक्षरांचा तक्ता त्याने हॉटेलच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला आणि मावशींना समोर बसवलं. त्यांच्यामागे तो म्हातारा उभा राहिला, मग आणखी दोघी. मी अजून माईक धरून उभा होतो.

"साहेब, त्यो माईक ठिवा आता," तो म्हणाला. "तक्त्याजवळ जावा आन मी सांगतो तसं बोट दाखवा. वरून सुरू करा."

मी जाऊन भिंतीपाशी उभा राहिलो आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरावर बोट ठेवलं.